पहिली प्रत कोणाच्या हाती?

काही काळापूर्वी अभ्यागत प्राध्यापक म्हणून केरळात काही महिने राहण्याचा योग आला. त्या मुक्कामात एका महाविद्यालयातील कवितासंग्रहाच्या प्रकाशनास मी उपस्थित होते. मल्याळम मी अडखळत वाचते. भाषणे कळली ती अर्धीमुर्धीच. तथापि एक गोष्ट भाषेवाचूनही समजली. प्रमुख पाहुण्यांनी संग्रहाची पहिली प्रत उंचावून सभेला दाखविली आणि लगेच ती दुसऱ्या एका व्यक्तीच्या हाती दिली. त्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून नुकत्याच निवृत्त झालेल्या त्या एक साध्या कर्मचारी बाई होत्या. त्यांनी प्रत दोन्ही हातांनी घेतली, दोन वाक्ये बोलल्या आणि आपल्या जागी जाऊन बसल्या. नंतर चौकशी करता कळले की, ही त्या कवीची काही खास कल्पना नव्हती. केरळात, आणि तमिळनाडूतही, प्रकाशन-समारंभाची ही रूढ रीत आहे. निमंत्रणपत्रिकेवर प्रकाशन करणाऱ्याचे नाव छापलेले असते, तसेच पहिली प्रत स्वीकारणाऱ्याचेही असते.

आपल्याकडील समारंभ यापुढे ठेवून पाहावा. रंगीत कागदात गुंडाळलेले, फितीने बांधलेले पुस्तक तबकातून येते. पाहुणे फीत सोडतात, कागद बाजूला सारतात. व्यासपीठावरील सर्व मान्यवर एकेक प्रत छातीशी धरून छायाचित्रकाराकडे पाहतात, टाळ्या होतात, आणि त्या प्रती पुन्हा मेजावर ठेवल्या जातात. पुस्तक उघडले गेले, दाखविले गेले. मात्र ते कोणाला दिले गेले नाही. या विधीची भारतीय भाषांतील नावेही पाहण्यासारखी आहेत. मराठीत ‘प्रकाशन’, हिंदीत ‘विमोचन’ किंवा ‘लोकार्पण’, कन्नडात ‘बिडुगडे’, म्हणजे सुटका. ही सारी नावे देणाऱ्याच्या कृतीची आहेत. घेणाऱ्याची कृती नावात कोठेच आलेली नाही. दक्षिणेतील त्या दोन प्रांतांनी निदान विधीत तरी तिला जागा ठेवली आहे.

लेखकाने आपल्या पुस्तकाच्या प्रचारासाठी सभा-समारंभांत आणि मुलाखतींत कितपत भाग घ्यावा, या प्रश्नाची चर्चा आपल्या वाङ्मयीन व्यवहारात सहसा शीलाच्या अंगाने होते. एक पक्ष म्हणतो, खऱ्या लेखकाला प्रसिद्धीची हाव नसते. दुसरा म्हणतो, काळ बदलला आहे; न बोलणाऱ्याचे पुस्तक पडून राहते. मला हे दोन्ही पक्ष अपुरे वाटतात, कारण दोघांचीही दृष्टी देणाऱ्यावर खिळलेली आहे. एखाद्या कार्यक्रमाची किंवा मुलाखतीची योग्यता ठरविताना मी एवढेच विचारीन : त्या प्रसंगाच्या अखेरीस पुस्तक कोणी घेतले का? विकत घेतले एवढाच येथे अर्थ नाही. त्यातील एखादे पान, एखादा प्रश्न, एखादी लय कोणी आपल्याबरोबर घरी नेली का?

माझा स्वतःचा अनुभव या बाबतीत फारसा अभिमानास्पद नाही. माझ्या प्रबंधावर आधारलेल्या पुस्तकाचे प्रकाशन एका शहरात झाले, तेव्हा सभागृहात साठ-सत्तर मंडळी होती. अध्यक्षांनी आरंभीच, पुस्तक चाळावयास वेळ मिळाला नाही, असे मोकळेपणाने सांगितले आणि पुढे पाऊण तास ते संस्कृतीच्या ऱ्हासावर बोलले. मला स्वतःला मनोगतासाठी सात मिनिटे मिळाली. ती मी आभार मानण्यात घालविली. बाहेरच्या मेजावर नऊ प्रती खपल्या, त्यांपैकी तीन माझ्या मामांनी घेतल्या. त्या संध्याकाळी पुस्तकातील एकही वाक्य कोणाच्या कानावर पडले नाही. याचा दोष मी अध्यक्षांना देत नाही. वाचून दाखविण्याचे मलाही सुचले नव्हते.

लेखकाने श्रोत्यांसमोर उभे राहणे ही गोष्ट काही आजची नाही. चार्ल्स डिकन्स १८५८ पासून मानधन घेऊन आपल्या कथा-कादंबऱ्यांची जाहीर वाचने करीत असे आणि त्यासाठी स्वतःच्या मजकुराच्या खास संक्षिप्त संहिता तयार करी. आपल्याकडे हरिवंशराय बच्चन यांची ‘मधुशाला’ १९३५ साली ग्रंथरूपाने आली, पण ती हिंदी प्रदेशात पसरली ती कविसंमेलनांतील त्यांच्या स्वतःच्या पठणाने. मराठीत १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी काव्यगायनाची प्रथा रूढ केली. कविता कंठाच्या बळावर तोलली जाऊ लागली, असा आक्षेप तेव्हाही आला. १९२५ च्या ‘झेंडूची फुले’मधील विडंबनांत केशवकुमारांनी या मंडळाची भरपूर थट्टा केली. हा आक्षेप निराधार नव्हता. हिंदीतील कविसंमेलनांचा पुढील प्रवास पाहिला, तर दाद हेच अंतिम मूल्य झाल्यावर कविता कशी आटत जाते हे दिसते.

तथापि याच परंपरेची दुसरी बाजूही आहे. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी वर्षानुवर्षे महाराष्ट्रभर हिंडून काव्यवाचने केली. कवितेचे पुस्तक कधी हाती न धरलेल्या असंख्य माणसांना आधुनिक मराठी कविता प्रथम भेटली ती या वाचनांतून. तिघांची प्रकृती भिन्न, तिघांच्या कवितेची जात भिन्न. पण त्या कार्यक्रमांत मध्यभागी कविता असे. कवीचे बालपण, त्याचे पुरस्कार, त्याची राजकीय मते या गोष्टी मागे राहत. याहून बोलके उदाहरण मर्ढेकरांचे आहे. १९५६ साली मर्ढेकर गेले. दुर्बोधतेचा शिक्का बसलेली त्यांची कविता पुढे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी रंगमंचावर वाचली आणि भरलेल्या प्रेक्षागृहांनी ती ऐकली. येथे कवी हयात नव्हता, त्याची मुलाखत संभवत नव्हती, खपवावयाचे नवे पुस्तकही नव्हते. होता तो केवळ चांगल्या रीतीने वाचलेला मजकूर. प्रचाराचे सर्वांत प्रामाणिक साधन वाचन हेच होय, या माझ्या समजुतीस यापेक्षा मोठा आधार मला ठाऊक नाही.

मुलाखतीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. वाचनात मजकूर आपोआप मध्यभागी येतो. मुलाखतीत तो मुद्दाम आणावा लागतो. फ्रेंच दूरचित्रवाणीवर बेर्नार पिव्हो यांचा ‘आपोस्त्रोफ’ हा पुस्तकांविषयीचा कार्यक्रम १९७५ ते १९९० या काळात दर शुक्रवारी रात्री होई आणि दुसऱ्या दिवशी पुस्तकांच्या दुकानांत त्याचा परिणाम दिसे. या कार्यक्रमावर बाजारूपणाची टीका पुष्कळ झाली. परंतु पिव्हो यांची एक ख्याती वादातीत होती : निमंत्रित लेखकाचे पुस्तक ते पूर्ण वाचून येत. त्यामुळे विलक्षण गोष्टी घडू शकल्या. नाबोकॉव्ह यांनी प्रश्न आगाऊ मागवून घेतले आणि समोर रचलेल्या पुस्तकांआड ठेवलेल्या टिपणांवरून उत्तरे वाचली. पात्रिक मोदियानो तर वाक्य पुरे करतानाही अडखळत. तरी त्यांना पुन्हा पुन्हा बोलाविण्यात आले, आणि २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळण्याच्या कितीतरी आधी फ्रान्समधील सामान्य प्रेक्षकाने त्या अडखळण्यातच त्यांच्या कादंबऱ्यांचा सूर ओळखला होता. वक्तृत्व हा लेखकाचा आवश्यक गुण नव्हे. मुलाखतकाराने पुस्तक वाचलेले असणे ही मात्र अपरिहार्य अट आहे.

आपल्याकडे आकाशवाणीच्या आणि १९७२ पासून मुंबई दूरदर्शनच्या माध्यमातून लेखकांच्या मुलाखतींची चांगली परंपरा निर्माण झाली होती. आज यूट्यूबवरील वाहिन्यांमुळे मुलाखतींची संख्या वाढली आहे. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. बडोद्याच्या किंवा हैदराबादच्या मराठी वाचकाला आता कोल्हापूरचा लेखक घरबसल्या ऐकता येतो. पण बहुतेक मुलाखतींचा साचा एकच असतो : लिहावयास केव्हा लागलात, प्रेरणा कोणाची, पुरस्कार मिळाला तेव्हा काय वाटले, नव्या पिढीला काय सांगाल. हे चारही प्रश्न एकही पुस्तक न उघडता विचारता येतात. एकदा मला एका मुलाखतीत, ‘पुस्तकात काय आहे ते थोडक्यात सांगा, म्हणजे प्रेक्षकांना वाचावे लागणार नाही,’ असे सांगण्यात आले. मुलाखतकाराचा हेतू चांगला होता आणि मी हसले. पण त्या वाक्यात आपल्या साऱ्या व्यवहाराचे निदान होते. लेखकाने पुस्तकासाठी बोलावे ही अपेक्षा रास्त आहे. त्याने पुस्तकाऐवजी बोलावे ही अपेक्षा वाचनावरच उठणारी आहे.

यावर जी. ए. कुलकर्णी यांचे उदाहरण हमखास पुढे केले जाते. धारवाडसारख्या कन्नड प्रदेशातील गावी राहून, सभा आणि समारंभ आयुष्यभर कटाक्षाने टाळून, जी. एं.नी मराठीतील निष्ठावंत वाचकवर्ग मिळविला. मग इतरांना व्यासपीठाची गरज का भासावी? या युक्तिवादात दोन गोष्टी नजरेआड होतात. एक अशी की, जी. ए. अबोल नव्हते. त्यांनी विपुल पत्रे लिहिली आणि १९८७ मधील निधनानंतर त्या पत्रांचे खंडच्या खंड प्रसिद्ध झाले. एकेका वाचकाशी ते एकेकटे बोलत होते. दुसरी, अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, त्यांच्या मौनामागे एक व्यवस्था उभी होती. त्यांच्या कथा ‘सत्यकथे’सारख्या मासिकात प्रथम येत, संग्रह निघण्यापूर्वीच त्यांना वाचक लाभलेला असे. संग्रह निघाल्यावर परीक्षणे येत, परीक्षणांवर वाद होत. लेखकाने गप्प राहावे आणि पुस्तकाविषयी इतरांनी बोलावे, अशी ती श्रमविभागणी होती. १९७८ साली दया पवार यांचे ‘बलुतं’ आले, तेव्हा पु. ल. देशपांडे यांनी त्यावर आवर्जून लिहिले, हेही याच व्यवस्थेचे उदाहरण. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडले. वृत्तपत्रांतील परीक्षणांची जागा आक्रसत गेली. परीक्षणाच्या जागी मुखपृष्ठाचे चित्र आणि चार ओळींचा परिचय आला. समीक्षेने सोडलेल्या या जागेत आज लेखकाला स्वतः उभे राहावे लागत आहे. त्याला आत्मप्रौढीचा दोष देण्यापूर्वी, ती जागा कोणी रिकामी केली हे आपण अध्यापक-समीक्षकांनी स्वतःला विचारले पाहिजे.

याचा अर्थ प्रसिद्धीतील धोके काल्पनिक आहेत असा नव्हे. भालचंद्र नेमाडे यांनी ‘हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?’ हा प्रश्न निबंधाच्या शीर्षकातच विचारला आणि त्या एका शब्दाने सत्कार, समित्या, अध्यक्षपदे यांत विरघळून जाणाऱ्या लेखकाचे चित्र कायमचे उभे केले. पुढे २०१० साली त्यांच्याच ‘हिंदू’ या कादंबरीच्या प्रकाशनास मराठीत क्वचितच मिळते एवढी प्रसिद्धी लाभली. यात विसंगती शोधण्याचा मोह होईल. मला मात्र त्यात एवढेच दिसते की, लेखकरावपण टाळू पाहणाऱ्या लेखकालाही व्यासपीठ पूर्णपणे टाळता येत नाही. तेथे जाऊन काय करावयाचे एवढेच त्याच्या हाती असते.

शिवाय लेखक व्यासपीठावर आला की तो समाजाच्या तावडीतही सापडू शकतो. पेरुमाळ मुरुगन यांच्या ‘मादोरुबागन’ या तमिळ कादंबरीवरून तिरुच्चेंगोडे येथे उठलेल्या विरोधानंतर जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी आपल्यातील लेखक मेल्याचे जाहीर केले. मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०१६ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि त्यानंतरच्या महिन्यात ते दिल्लीत नव्या कवितासंग्रहाच्या प्रकाशनास पुन्हा वाचकांसमोर आले. पुस्तक-प्रकाशनाचा समारंभ हा लेखकाच्या पुनरागमनाचा क्षण होऊ शकतो, हे त्या दिवशी दिसले. आपल्याकडे जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथील ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाचे नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेण्यात आले. पण त्यांचे लिखित भाषण वृत्तपत्रांनी छापले आणि लोकांनी ते वाचले. वक्त्याला व्यासपीठ नाकारले गेले तरी मजकूर स्वीकारणारे होते. ज्या समाजात असे स्वीकारणारे आहेत, तेथे लेखक अगदीच असहाय नसतो.

आता हे घेणारे भेटावयाचे कोठे? येथे आपल्या रूढ कार्यक्रमांची मोठी उणीव आहे. मराठी पुस्तकाची आवृत्ती आज हजार प्रतींची, पुष्कळदा पाचशेचीच असते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला, राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ साली कोलकात्यात स्थापन झाले. अनुदानावर चालणारी ग्रंथखरेदी हा मराठी प्रकाशनाचा मोठा आधार आहे आणि त्याने अनेक चांगली पुस्तके जगविली आहेत. परंतु याच सोयीमुळे, प्रत्यक्ष वाचक न भेटताही आवृत्ती संपू शकते. मग समारंभाला वाचक हवेत अशी निकड राहत नाही. छायाचित्र आणि दुसऱ्या दिवशीची बातमी पुरते.

ज्यांना ही सोय नव्हती त्यांनी वाचक शोधला. वैकोम मुहम्मद बशीर आरंभीच्या काळात आपली पुस्तके स्वतः हिंडून विकत आणि पुढे एर्नाकुलमला त्यांनी पुस्तकांचे दुकानही चालविले. कोट्टयम येथे १९४५ साली लेखकांनी स्वतःचा सहकारी प्रकाशनसंघ उभारला. कोलकात्याच्या पुस्तक-मेळ्यात, जो १९७६ पासून भरत आला आहे, लहान नियतकालिकांचे संपादक आणि कवी स्वतःच मेजामागे बसतात. आणि महाराष्ट्रात ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीच्या परिसरात, धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, मांडलेल्या पुस्तकांभोवती जी गर्दी होते तिच्याकडे आपल्या वाङ्मयीन चर्चांनी पुरेसे पाहिलेले नाही. तेथे पुस्तिका, चरित्रे, भाषणे, कवितासंग्रह जमिनीवर अंथरलेल्या कापडावर असतात. कित्येकदा लेखकच विक्रेता असतो. आणि दूरच्या गावाहून आलेला माणूस परतीच्या भाड्याचे पैसे बाजूला ठेवून उरलेल्यांत पुस्तक निवडतो. तेथे फीत नसते, अध्यक्ष नसतो. घेणारा मात्र असतो. ग्रंथकारांच्या ज्या सभेतून पुढे साहित्य संमेलन वाढले, तिचे निमंत्रण १८८५ साली जोतीराव फुले यांनी नाकारले होते. शूद्रातिशूद्रांची दुःखे तुमच्या ग्रंथांत उतरत नाहीत, हा त्यांच्या पत्राचा आशय होता. सभागृहात कोण नाही हा प्रश्न तेव्हापासून आपल्यासमोर आहे, आणि प्रकाशन-समारंभाची निमंत्रणयादी करताना तो आजही विचारण्यासारखा आहे.

महाराष्ट्राबाहेरील मराठीच्या बाबतीत हा प्रश्न आणखी तीव्र होतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८ वे संमेलन दिल्लीत भरले, १९५४ नंतर तेथे प्रथमच. अभिमानाचे हे प्रसंग होते. पण इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी मंडळांच्या वार्षिक कार्यक्रमांत नाट्यगीते आणि विनोदी एकपात्री प्रयोग जेवढे असतात, तेवढी पुस्तके नसतात. या गावांत नव्या मराठी पुस्तकांचे दुकान मिळणे कठीण. परीक्षणे तेथवर पोचत नाहीत. अशा ठिकाणी लेखकाची भेट हाच पुस्तकाचा एकमेव रस्ता असतो. त्या भेटीत पुस्तक वाचले गेले, त्याच्या प्रती बरोबर आणल्या गेल्या, शेजारच्या भाषेतील एखादा अनुवादक किंवा अभ्यासक मुद्दाम बोलाविला गेला, तर एका संध्याकाळीतून अनुवाद जन्माला येऊ शकतो. जयपूरला २००६ पासून आणि कोळिकोडला २०१६ पासून भरत असलेल्या मोठ्या साहित्योत्सवांची झगमग आपल्या मंडळांना परवडणार नाही. तिची गरजही नाही. चाळीस माणसांची खोली आणि दोन भाषांतून वाचलेली दहा पाने एवढ्यावर पुष्कळ काही होऊ शकते. भारतीय साहित्याच्या अभ्यासकांना येथे स्वतःचे काम आहे. आपल्या विभागांतील चर्चासत्रांपैकी एखादी बैठक अशा वाचनाला देणे आपल्या अधिकारात आहे.

लेखकांना माझ्या सूचना अगदी साध्या आहेत. मनोगताच्या वेळात आभार थोडे आणि वाचन अधिक असावे. कोणती पाने मोठ्याने वाचण्याजोगी आहेत हे घरीच ठरवून यावे. वक्ता असा मागावा की ज्याने पुस्तक वाचले आहे, मग त्याचे नाव लहान का असेना. मुलाखतकाराला पुस्तक पंधरा दिवस आधी पाठवावे आणि निदान एक प्रश्न विशिष्ट पानावर विचारण्याची विनंती करावी. पुस्तकाचा सारांश सांगण्यास नम्रपणे नकार द्यावा. ज्यांच्या जगण्याविषयी लिहिले, त्यांच्या वस्तीत, त्यांच्या सोयीच्या वेळी एक तरी कार्यक्रम करावा. ज्याचा स्वभाव बोलका नाही त्याने दुसऱ्याकडून वाचवून घ्यावे. त्यात काहीच उणे नाही.

आणि जमल्यास केरळाची ती रीत आपण उचलावी. निमंत्रणपत्रिकेवर आणखी एक ओळ छापण्यास खर्च नाही. पहिली प्रत कोणाला द्यावी हे ठरविताना लेखकाला क्षणभर थांबावे लागेल : हे पुस्तक मी कोणासाठी लिहिले? ती व्यक्ती ग्रंथपाल असेल, जुळारी असेल, लेखकाला अक्षरओळख करून देणारी शिक्षिका असेल, किंवा ज्या गावावर कादंबरी लिहिली त्या गावचा एखादा रहिवासी असेल. माझ्या पुढील पुस्तकाची पहिली प्रत मी मामांना देणार आहे. मागच्या तीन प्रतींपैकी एक त्यांनी खरोखरच वाचली, समासात पेन्सिलीने शंका लिहिल्या आणि ती मला टपालाने पाठविली. माझ्या पुस्तकाला मिळालेला तो एकमेव सविस्तर अभिप्राय होय.